'रिडंडन्सी' म्हणजे अनावश्यकता नव्हे

प्रश्न असा आला आहे. एका पतसंस्थेत दोन राउटर बसवले आहेत. एक बंद पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. शाखांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिताना 'रिडंडन्सी'ला 'अनावश्यकता', 'फेलओव्हर'ला 'अपयशांतरण' आणि 'लिंक मॉनिटरिंग'ला 'दुवा-निरीक्षण' असे शब्द घातले आहेत. चालतील का?

'अनावश्यकता' मुळीच नको. हा शब्द मी निविदांत वाचतो, उपकरणांच्या पुस्तिकांत वाचतो, आणि दर वेळी चिडतो. 'अनावश्यकता सुरू करा' अशी सूचना वाचून शाखेतला कारकून दुसऱ्या राउटरची वायर काढून कपाटात ठेवील, आणि त्याला दोष देता येणार नाही. ब्रिटनमध्ये कामावरून कमी केलेल्या माणसाला 'रिडंडंट' म्हणतात. त्याच्या भरपाईचा कायदा १९६५चा. कोशात तो अर्थ चटकन सापडतो आणि भाषांतरकार तिथेच पुस्तक मिटतो.

शब्दाच्या पोटात आहे ते पाणी. लॅटिन 'रेदुन्दारे' म्हणजे भरून वाहणं. त्यातला 'उन्दा' म्हणजे लाट. आता आपला धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, उघडा: 'उन्दी क्लेदने', भिजवणं, ओलं करणं. उदक त्याच घराण्यातलं, समुद्र त्यातला, पाण्यात शिजलेला ओदन, म्हणजे भात, तोही त्यातलाच. इंग्रजी 'वॉटर' याच गोतातलं. 'अबंडंट' त्याच 'उन्दा'चं, आणि 'सराउंड'सुद्धा! वेढणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मुळात तेही वरून भरून वाहणंच. इतक्या सगळ्या पाण्यात 'अनावश्यक' कुठे आहे?

भरून वाहण्याला मराठीत ओसंडणं म्हणतात, आणि धरणाचं जादा पाणी जिथून जातं त्याला सांडवा. सांडणे हे क्रियापद प्राकृत 'छड्ड', 'छंड' यांच्याकडून आलं. हिंदीतलं छाँड़ना त्याचंच भावंड. छ चा स होणं ही मराठीची जुनी खोड, जशी छुरीची सुरी झाली. जुना अर्थ टाकून देणं, सोडणं. पसायदानातली खळांची व्यंकटी 'सांडो' ती याच अर्थाने. म्हणून माझं ठाम मत आहे की 'रिडंडन्सी'चा खरा मराठी भाऊ सांडवा आहे. वर्षातले बरेच महिने तो कोरडा असतो. पण मातीच्या धरणावरून पाणी गेलं तर धरण वाहून जातं, म्हणून सांडव्याशिवाय कुणी धरण बांधत नाही. त्याला अनावश्यक म्हणणारा इंजिनिअर मला दाखवा.

मात्र सांडवा मुख्य दरवाजाची जागा घेत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या राउटरला तीच घ्यायची आहे. त्यासाठी मराठीत शब्द तयार आहे, गिरणगावाने घासून पुसून दिलेला: बदली. कायम कामगार आला नाही की त्याच्या यंत्रमागावर उभा राहणारा तो बदली. सकाळी गिरणीच्या दारात बदली उभे असत, जॉबर गैरहजेरी बघून माणसं आत घेई. १९३५पासून मुंबईच्या गिरण्यांत त्यांची नोंद ठेवण्याची पद्धतही आली. १९८२च्या संपात बदलींना कायम करा, ही मागणी होतीच.

दोन राउटरांचा व्यवहार असाच चालतो. व्हीआरआरपी म्हणून दोन राउटरांनी एकच पत्ता सांभाळायची पद्धत आहे. तीत मुख्य राउटर साधारण दर सेकंदाला 'मी आहे' अशी हजेरी देतो. तीन हजेऱ्या चुकल्या आणि वर थोडा वेळ गेला की बदली तोच सामाईक पत्ता घेऊन उभा राहतो. प्रत्येक राउटरला अग्रक्रमाचा आकडा असतो, मोठा आकडा तो मुख्य. बदलीचा अग्रक्रम १०० असेल तर एकूण ३.६ सेकंद. पण मुख्य राउटर जिवंत आहे आणि त्याची बाहेरची लाइन तुटली आहे, तेव्हा काय? माणूस मागावर हजर, सूतच येत नाही! हजेरी लागत राहते, बदली दारातच उभा. म्हणून लाइनवर लक्ष ठेवायला सांगायचं, तेच तुमचं 'लिंक मॉनिटरिंग': लाइन पडली की मुख्याचा अग्रक्रम ११० वरून २० ने उतरवा. तो ९० वर आला की १०० वाला बदली काम घेतो. वरच्या अग्रक्रमाने ताबा घ्यायची मुभा मात्र त्याला दिलेली हवी. शिवाय आपल्या भिंतीपर्यंतची वायर ठीक आणि पुढची फायबर तुटलेली असंही होतं, तेव्हा पलीकडचा एखादा पत्ता हाक मारून तपासावा लागतो.

'बदल' अरबी आहे, सबब संस्कृत शब्द घडवा, असं काही परिभाषातज्ज्ञ सांगतील. महापौर आणि दिनांक मलाही प्रिय आहेत, ते रुळले म्हणून. 'अतिरिक्तता' कधी रुळणार नाही, कारण ती ऐकून डोळ्यापुढे काहीच उभं राहत नाही. दुसरा आक्षेप असा की सरकारी बदलीशी घोटाळा होईल. होणार नाही: ऑर्डर निघते ती बदली, जागेवर उभा राहतो तो बदली. लिंगाने भेद केलेलाच आहे.

तेव्हा 'बदली राउटर' लिहा, आणि 'फेलओव्हर झाला' याऐवजी 'काम बदलीवर गेलं'. 'अपयशांतरण' वाचून अपयश दुसऱ्याच्या गळ्यात घातल्यासारखं वाटतं, ते खोडा.