हेडला कॅबिनेट जोडण्याआधी

हेड म्हणजे स्पीकर नसलेला गिटार अ‍ॅम्प्लिफायर, कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी. हेडच्या मागे आउटपुटपाशी लिहिलेले ओहम आणि कॅबिनेटचे ओहम आधी जुळवा. कॅबिनेटवर आकडा नसेल तर केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा: ८ ओहमचं कॅबिनेट साधारण ६ ते ७ दाखवतं. मीटर फक्त डीसी रोध मोजतो, म्हणून आकडा कमीच येतो. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये ४ होतात, सिरीजमध्ये १६.

व्हॉल्व्हचं (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचं) हेड असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय ते कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या हेडला जास्त ओहम चालतात, आवाज थोडा दबतो इतकंच. किमान आकड्याखाली मात्र जाऊ नका.

मधली केबल स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार बारीक, ती तापते.