व्हिडिओतला ठेका, जुन्या सॅम्पलरच्या पोटात

प्रश्न: जत्रेत मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओतून ढोलकीचा ठेका काढला, ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची) फाइल केली आणि फ्लॉपीवरून आकाई एमपीसी २०००एक्सएल या सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) घातली. ठेका वाजतो, पण सुस्त आणि उतरलेला. फ्लॉपी खराब असेल का?

उत्तर: फ्लॉपी बिघडली तर यंत्र फाइल वाचायला नकार देतं, किंवा मध्येच करकर येते. सगळा ठेका एकसारखा उतरला, म्हणजे दोष गतीचा आहे. मोबाइलच्या व्हिडिओतला आवाज बहुधा ४८ किलोहर्ट्‌झचा असतो आणि २०००एक्सएल ४४.१ ला बांधलेला आहे. सेकंदाला ४८,००० मोजमापं घेतलेला आवाज ४४,१०० च्या गतीने वाजला की जवळपास नऊ टक्के लांबतो आणि साधारण दीड अर्धस्वर खाली येतो. पेटीवर सांगायचं तर काळी दोनला चढवलेली ढोलकी पांढरी दोन आणि काळी एक यांच्या मधे लोंबकळते.

आता दुरुस्ती. ऑडॅसिटीत एमपी४ उघडत नसेल तर एफएफएमपेगची लायब्ररी टाका. ट्रॅक निवडून ‘ट्रॅक्स’ मेनूतलं ‘रिसॅम्पल’ घ्या आणि ४४१०० द्या. ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीतल्या ‘रेट’ला मात्र हात लावू नका. तिथे मोजमापं तीच राहतात, नुसती पाटी बदलते, आणि तुमच्या यंत्रात घडलेला घोटाळा संगणकातच घडतो. एक्सपोर्ट करताना डब्ल्यूएव्ही, १६-बिट पीसीएम, मोनो. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि आठ अक्षरांच्या आत ठेवा. मोनो आवाजाला सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात, म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर सोळा सेकंद मावतात, स्टिरिओ केलंत तर आठ. एका माइकने घेतलेली ढोलकी स्टिरिओ ठेवणं ही निव्वळ उधळपट्टी.

थाप निवडताना एक बघा. मोबाइल आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतो. शांततेनंतरची पहिली थाप फाटल्यासारखी येते आणि पुढच्या दोन-तीन दबतात. वादन रंगात आलं की पातळी स्थिरावते, तिथून उचला.

प्रश्न: ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरवर एका सॅम्पलला अडीच सेकंदच मिळतात. माझी ओळ तीन सेकंदांची आहे. फाइल थेट यंत्रात टाकता येईल का, आणि लांबीचं काय करू?

उत्तर: मूळ एसपी-१२०० डब्ल्यूएव्ही वाचत नाही, त्याच्या डिस्कची मांडणी स्वतःची आहे. आवाज मागच्या इनपुटमधूनच घ्या, या यंत्राची खरी गंमत तिथेच आहे.

लांबीवर जुना तोडगा म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर वाजवून सॅम्पल घ्यायचं आणि यंत्रात खाली उतरवायचं. तबकडीवर गती ३५ टक्के वाढते, म्हणजे पाच अर्धस्वरांहून थोडी जास्त, आणि तो ‘थोडा’ मग सुरात खुपतो. तुमच्याकडे फाइल आहे, तेव्हा ऑडॅसिटीत स्वरासकट गती नेमकी ३३.४८ टक्के वाढवा आणि यंत्रात पाच अर्धस्वर उतरवा. अडीच सेकंदांत मूळची ३.३ सेकंद बसतात. किंमत मोजावी लागते ती वरच्या पट्टीत. यंत्र २६.०४ किलोहर्ट्‌झवर मोजमापं घेतं, म्हणून त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १३ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही धरत नाही. गती वाढवून उतरवलं की ही मर्यादा पावणेदहावर येते. ढोलकीचा घुमारा शाबूत राहतो, झांजेची लखलख जाते. उतरवल्यावर खडबडीत खरखरही येते. ती नको असेल तर आउटपुट ७ आणि ८ टाळा, त्यांवर फिल्टर नाही. ३ ते ६ वर ठरावीक फिल्टर आहे, १ आणि २ वर हलता.

व्हिडिओतला दाबलेला आवाज एसपीसारख्या १२-बिट (आवाज जरा ढोबळ मापणाऱ्या) यंत्राला चालेल का, ही धास्ती अनेकांना असते. एएसीमध्ये (व्हिडिओतला आवाज दाबण्याच्या पद्धतीत) आधी कापली जाते ती १६ किलोहर्ट्‌झच्या आसपासची आणि वरची पट्टी, जी एसपीला ऐकूच येत नाही. त्रास होतो तो फार दाबलेल्या फाइलीत: झांजेच्या मागे पाण्यासारखी सळसळ असते आणि स्वर उतरवला की ती उघडी पडते.

जोडणीत सर्वांत जास्त फसगत होते ती हेडफोनच्या स्टिरिओ वायरने. ती बॅलन्स्ड मोनो इनपुटात घातली तर यंत्र डाव्या-उजव्याची वजाबाकी करतं आणि मधोमध असलेला गाणाऱ्याचा आवाज गायब होतो. फाइल संगणकातच मोनो करा आणि एकाच बाजूची वायर न्या. दोन्ही बाजू मिसळल्यावर आवाज पोकळ झाला तर मिसळू नका, डावी किंवा उजवी एकच घ्या. गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर ते अर्थिंगचं वेटोळं आहे, म्हणजे यंत्र आणि लॅपटॉप दोन वाटांनी अर्थला जोडले गेलेत. आवाजाच्या वायरीत मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. यंत्राच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

प्रश्न: आकाई एस९५० या सॅम्पलरला फ्लॉपीच्या जागी गोटेक (पेनड्राइव्ह वाचणारा ड्राइव्ह) बसवला. पेनड्राइव्हवर फाइली टाकल्या, पण यंत्राला डिस्क दिसत नाही.

उत्तर: एस९५० ची डिस्क संगणकासारखी नसते. तिचे सेक्टर (साठवणीचे कप्पे) १०२४ बाइटचे: साध्या डिस्कवर ट्रॅकला, म्हणजे डिस्कवरच्या एका वर्तुळाला, पाच, म्हणजे अख्ख्या डिस्कवर ८०० किलोबाइट, जास्त साठ्याच्या एचडी डिस्कवर दहा, म्हणजे १६००. पेनड्राइव्हवर सुट्या फाइली ठेवून उपयोग नाही, अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिची जशीच्या तशी एकच फाइल लागते. गोटेकमध्ये फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) भरा आणि एफएफ.सीएफजी फाइलीत ‘होस्ट’पुढे ‘आकाई’ लिहा, दोन्ही रोमन लिपीत. तरी अडलं तर रिबन केबलची लाल कड एक नंबरच्या पिनकडे आहे का ते पाहा.

एस९५० मध्ये बँडविड्थ (यंत्राने किती उंच पट्टीपर्यंत धरायचं ते) हातात असते, तिचा फायदा घ्या. मोजमापांची गती बँडविड्थच्या अडीचपट. संबळाच्या घुमाऱ्याला ५ किलोहर्ट्‌झ पुरते, गती १२.५ होते आणि मेमरी ४८ किलोहर्ट्‌झच्या मानाने जवळपास चौपट पुरते.

प्रश्न: सिनेमातल्या गाण्याचे दोन सेकंद घेतले तर हरकत नाही ना?

उत्तर: भारतीय कायद्यात ‘इतके सेकंद चालतात’ असा नियम नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा. घरी सरावाला चालून जाईल, प्रसिद्ध करायचं तर परवानगी घ्या.

प्रश्न: जपानहून सॅम्पलर मागवला आहे. ११० व्होल्टचा कन्व्हर्टर चालेल?

उत्तर: जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० ला थेट लावलंत तर पॉवर सप्लाय गेलाच. ११० वर ते चालू होईल, पण आतले रेग्युलेटर विनाकारण तापतील. २३० ते १०० चा ट्रान्सफॉर्मर घ्या, यंत्रामागच्या पट्टीवर लिहिलेल्या वॉटच्या किमान दीडपट क्षमतेचा, आणि सॅम्पलर जोडण्याआधी त्याचं आउटपुट मल्टिमीटरवर मोजून घ्या.