पन्नाशीच्या तोंडावर गेलेला आत्मविश्वास परत मिळवायला रोज काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय ४८, मुलगी शिकायला बाहेरगावी, बँकेत जायचं म्हटलं तरी छातीत धडधडतं, चार माणसांत तोंड उघडत नाही, आणि काही नवीन करायला घेतलं की मिस्टर हसतात. मी वयाने तुमच्याहून थोडी मोठी, याच वळणावरून गेलेली. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी रक्त तपासून घ्या. धडधड, झोप उडणं, ऐन वेळी शब्द न आठवणं, उगाच रडू येणं हे सगळं पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत होऊ शकतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, थायरॉइड बिघडलं असेल किंवा बी-१२ कमी असेल (शाकाहारी घरांत हे सर्रास आढळतं), तरी माणूस असाच गळून जातो. अंगात रक्त कमी असतं आणि आपण मात्र ‘माझ्यातच काही दम नाही’ असं धरून बसतो.

आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे’ म्हणण्यावर माझा फारसा विश्वास नाही. मला वाटतं, आपला आत्मविश्वास कामांबरोबर जातो. लग्नाआधी कॉलेजचा फॉर्म, रेल्वेचं रिझर्व्हेशन सगळं एकटीने करणारी मुलगी वीस-पंचवीस वर्षांत ‘ह्यांना विचारून सांगते’वर येते. कुणी हिसकावून घेतलेलं नसतं, सोयीसोयीने हातातून सुटत गेलेलं असतं. त्यातलं एकेक काम परत आपल्याकडे घ्यायचं.

सुरुवात बँकेपासूनच करा, कारण भीती तिथलीच आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा पेन्शनवाल्यांची गर्दी असते आणि मागे रांग असली की हात थरथरतो. पेन घरून न्या. दोरीला बांधलेलं तिथलं पेन चाललेलं मी तरी पाहिलेलं नाही. स्लिपवर खाडाखोड झाली तर दुसरी घ्यायची, गठ्ठाच ठेवलेला असतो. आकडा आधी अक्षरी लिहा, मग अंकी, म्हणजे शून्यांचा घोळ होत नाही. काम झालं की लगेच पळू नका. पासबुक भरून घ्या आणि खात्याला नॉमिनी कोण लावलाय तेही विचारा. काउंटरवरची मुलगी वैतागली तर वैतागू दे, दिवसभर ती सगळ्यांवरच वैतागलेली असते.

स्कूटी शिकायची असेल तर नवऱ्याकडून अजिबात शिकू नका. ‘ब्रेक! अगं ब्रेक!’ ऐकून येणारी गाडीही येईनाशी होते. लर्निंग लायसन्स काढा, ते सहा महिने चालतं, आणि क्लासवाल्या बाईंकडे जा.

एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. एखाद्या दिवशी सकाळच्या गाडीने शेजारच्या तालुक्याला जा, देवदर्शन करा किंवा नुसता बाजार फिरा, संध्याकाळी परत या. पहिल्या खेपेला मैत्रीण नको, नाहीतर तिकीट काढण्यापासून परतीची गाडी विचारण्यापर्यंत सगळं तीच करेल.

चार माणसांत बोलायचं म्हणजे भाषण नव्हे. सोसायटीच्या मीटिंगला जाताना एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या, पाण्याच्या टाकीचा का असेना, आणि सुरुवातीलाच विचारून मोकळ्या व्हा. उशीर केला की बोलायचं राहून जातं. ‘मला त्यातलं काही कळत नाही, पण...’ अशी सुरुवात मात्र बंद. ती ऐकली की पुढचं कुणी ऐकत नाही.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम बघा, वयाची अडचण येत नाही.

आता मिस्टरांच्या हसण्याचं. त्यावर वाद घालू नका, आणि ‘मी आता शिकणार आहे’ अशी घोषणाही करू नका. या महिन्याचं लाइटबिल त्यांच्या आधी भरून टाका आणि पावती फ्रिजवर लावून ठेवा.