भूक मरते, भूक मारतात, आणि खाववत नाही

दारव्हा तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: "आमच्या माहितीपत्रकात अ‍ॅनोरेक्सियासाठी 'क्षुधानाश' छापलं आहे. गावातली बारावीची एक मुलगी चार महिन्यांपासून धड जेवत नाही, पार वाळून गेली. घरच्यांना स्वयंपाक मात्र मन लावून करते. आई म्हणते, 'पोरीची भूकच मेली व.' पोरगी मला एकटीला म्हणाली, 'भूक लागते ताई, पन खाववत नाई.' मग क्षुधानाश कसा? बरोबर शब्द कोणता?"

ताई, बरोबर शब्द त्या मुलीचा आहे.

आधी पत्रकातला घोळ. डॉक्टर नुसतं 'अ‍ॅनोरेक्सिया' म्हणतात तेव्हा ते एक लक्षण असतं. काविळीत, टीबीत, कॅन्सरमध्ये, साध्या तापातसुद्धा जेवण नकोसं होतं, ते. 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हा वेगळा, स्वतंत्र आजार. त्यात वजन वाढण्याची भीती मनात घर करते आणि माणूस अन्नापासून दूर राहतो. हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी १८७४ साली छापलेल्या निबंधातून रूढ झालं. मूळ शब्द ग्रीक: ओरेक्सिस म्हणजे इच्छा, एखाद्या गोष्टीकडे हात पुढे करणं. आधीचा 'अन्' आपल्या संस्कृतातल्यासारखाच, नकाराचा. म्हणजे नावच सांगतं की खाण्याची इच्छा नाही. पण या आजारात बहुतेकदा भूक असतेच. नाव पहिल्यापासून थोडं चुकलेलं आहे आणि 'क्षुधानाश' या भाषांतरानं ती चूक अधिक पक्की केली.

आता आईचा शब्द. 'भूक मरणं' हा सुंदर, नेमका वाक्प्रचार आहे, पण तो दुसऱ्याच अवस्थेचा. माझी आजी कापूस वेचायला जायची. बाराच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागायचे, पण हातातली पात संपवूनच उठायचं असा तिचा नेम. पात संपेस्तोवर दोन वाजायचे. मग धुऱ्यावरच्या बाभळीखाली फडकं सोडायची, भाकरीवरचा ठेचा बोटानं चाखायची आणि अर्धी भाकर तशीच बांधून ठेवायची. म्हणायची, "आता भूक मरून गेली." यामागचं शरीरातलं कारण आज माहीत आहे. जठरातून घ्रेलिन नावाचं, भूक जागवणारं संप्रेरक सुटतं, ते १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. नेहमीच्या जेवणाच्या वेळेला ते रक्तात वाढतं आणि जेवलो नाही तरी काही वेळानं आपणहून उतरतं. भूक वेळेवर येते, वाट पाहते आणि निघून जाते. आजीचं 'मरून गेली' अगदी तंतोतंत होतं.

आजारपणातल्या अनिच्छेला आपल्याकडे 'अन्नावरची वासना उडणं' म्हणतात. 'वासना' शब्दाचा अर्थ अलीकडे फार आखडला, म्हणून पत्रकं लिहिणारे तो टाळतात. मला त्याचं वाईट वाटतं. म्हाताऱ्या माणसाची वासना उडाली म्हटलं की अख्ख्या घराला गांभीर्य कळतं, 'भूक मंदावली' म्हणून ते कळत नाही. मेंदूच्या खालच्या भागात, मस्तिष्कस्तंभात, पेशींचा एक पुंजका असा आहे की तो जागा झाला की खाणं थांबतं. शरीर आजारी पडलं की तो जागा होतो. सिएटलमधल्या रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेनं २०१३ साली उंदरांमध्ये हे दाखवलं.

आयुर्वेदानं इथं आणखी बारीक भेद केला आहे. घास तोंडात घेतला तरी चव लागत नाही तो अरोचक. अन्न नुसतं पाहून किंवा आठवूनच नकोसं होतं तो भक्तद्वेष. हा 'भक्त' देवाचा नव्हे. भक्त म्हणजे शिजवलेलं अन्न, त्यावरूनच आपला 'भात' आला. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यातल्या माणसाला भक्तद्वेष म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि 'भूक' स्वतः कुठून आली? संस्कृत बुभुक्षा, म्हणजे खाण्याची इच्छा. जिज्ञासा, पिपासा यांच्याच घडणीचा हा शब्द, प्राकृतातून झिजत आपल्यापर्यंत आला. म्हणजे भुकेत पोट आणि मन दोन्ही पहिल्यापासून आहेत. आपण 'मला भूक लागते' म्हणतो, 'मी भूक करतो' म्हणत नाही. ती बाहेरून येऊन लागते, झोप लागते तशी.

ती लागते कुठून, याचा माग काढणाऱ्यांत एक भारतीय नाव ठळक आहे. बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात दाखवलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाची दोन्ही बाजूंची कड निकामी केली की उंदीर समोर अन्न असूनही खात नाहीत. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. भूक खरोखर मेली म्हणावं ते या उंदरांची. नंतर याच हायपोथॅलॅमसमध्ये भूक पेटवणाऱ्या एजीआरपी पेशी सापडल्या. २०१५ मध्ये दिसलं की भुकेल्या उंदराला अन्न नुसतं दिसलं तरी, पहिला घास घेण्याआधीच, या पेशी शांत होतात. अन्न काढून घेतलं की पुन्हा पेटतात. 'बघून का कुठं पोट भरतं?' असं आपण म्हणतो, मेंदूतला एक कोपरा मात्र क्षणभर खरंच भरतो.

त्या मुलीचं काय? अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या रुग्णांच्या रक्तात घ्रेलिन बहुधा वाढलेलं असतं आणि चरबीतून येणारं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन उतरलेलं. म्हणजे शरीर भुकेची हाक देतच असतं. तिला 'क्षुधानाश' म्हणणं उघड चूक.

मग 'भूक मारते' म्हणावं का? गावात तिच्याबद्दल तसं बोलत असतील. मरणं आणि मारणं, एका स्वराचा फरक. चहा पिऊन भूक मारणारा मजूर आपण रोज पाहतो. मारण्याला कर्ता लागतो आणि कर्ता आला की दोष आला: पोरगी हट्टी आहे, नखरे करते. इथं मी हा शब्द घेऊ नका असंच सांगेन. सुरुवात कधी ठरवून केलेल्या कमी खाण्यानं होत असेल, पण उपासमार मेंदूलाच बदलते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते उदास झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, काही जण तर पाककृती जमवू लागले. तुमची मुलगी सगळ्यांना मन लावून रांधते, ते वाचून मला हेच आठवलं. उंदरांना दिवसातून थोडाच वेळ अन्न आणि बाकी वेळ पळायला चाक दिलं, तर ते उलट जास्त पळतात आणि मिळेल त्या वेळातही कमी खातात. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. त्यात या आजाराचं नातं मनोविकारांशी जुळलं, तसंच शरीर साखर आणि चरबी कशी वापरतं त्याच्याशीही. यात हट्ट कुठं बसवायचा?

म्हणून 'खाववत नाही'. शाळेच्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात: चालवतं, बसवतं, बघवत नाही, राहवत नाही. यात करणारा 'मी' राहत नाही, 'मला' होतो. वऱ्हाडीत 'मले खाववत नाही', नाहीतर 'माह्याच्यानं खाववत नाही'. इच्छा नाही असं हे रूप म्हणत नाही, मुद्दाम करत नाही असंही सुचवतं, आणि तरी घास आत जात नाही हे कबूल करतं. दुखऱ्या पायाचा माणूस 'चालवत नाही' म्हणतो तेव्हा त्याला कुणी आळशी म्हणत नाही. 'भूक लागते पन खाववत नाई' या पाच शब्दांत त्या पोरीनं जे सांगितलं ते गलसाहेबांच्या नावात नाही.

तिला तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवल्याचंही तुम्ही कळवलं आहे, बरं केलंत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही न्या. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही बोलता येतं. आईला हेही सांगा की भूक मेलेली नाही. ती मेली असं धरून टॉनिकच्या बाटल्या आणण्यात दिवस जातात.

पत्रक पुन्हा छापलं तर माझी सूचना अशी: लक्षणासाठी 'अन्नावरची वासना उडणे'. आजारासाठी 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हेच नाव ठेवावं आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहावं, 'भूक लागते, पण खाववत नाही.'