घारीच्या पंखाची ‘नस’: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संक्रांतीनंतर ‘घारीच्या पंखाची नस तुटली’ एवढ्याच मजकुराची पत्रे मला दरवर्षी येतात. शीर, स्नायूची दोरी आणि मज्जातंतू या तिन्हींना आपण ‘नस’च म्हणतो, परंतु या तिन्हींवरचे उपचार वेगळे आहेत आणि पक्षी पुन्हा उडण्याची शक्यताही वेगळी आहे.

प्रश्न: घार, शिक्रा आणि घुबड यांच्या पंखांतील मज्जातंतूंची रचना निराळी असते का?

मूळ आराखडा एकच असतो.

प्रश्न: पीस मोडल्यास पक्ष्याला वेदना होतात का?

पूर्ण वाढलेल्या पिसाच्या दांडीत मज्जातंतू नसतो, पण ते ज्या खळगीत रुजलेले असते तिच्याभोवती तो असतो; म्हणून मोडके पीस उपटू नये.

प्रश्न: मांजातून सोडवलेल्या घारीचा पंख बांधून तिला चार दिवस खोक्यात ठेवले. रक्त थांबले, पण पंख लोंबतो. नस जोडता येईल का?

कोणती नस, हे आधी ठरले पाहिजे. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पडदा असतो आणि त्याच्या कडेतून स्नायूची दोरी जाते. मांजा बहुधा हीच कड कापतो, आणि मग मज्जातंतू शाबूत असूनही पंख नीट पसरत नाही. खरे मज्जातंतू मानेच्या बुडाशी पाठीच्या कण्यातून निघून खांद्याजवळ एका जाळ्यात गुंफले जातात. त्यातून निघणारा रेडियल मज्जातंतू दंडाच्या हाडाला वळसा घालून वरच्या अंगाला येतो आणि कोपर व मनगट उघडणारे स्नायू चालवतो. पंख मिटणाऱ्या स्नायूंचे मज्जातंतू दंडाच्या खालच्या अंगाने, रोहिणी या रक्तवाहिनीच्या सोबतीने जातात. रेडियल हाडाला वळसा घालत असल्यामुळे दंडाचे हाड मोडले की त्यालाही इजा होण्याचा धोका असतो. वाहनाची किंवा काचेची जोराची धडक बसून जाळ्याची मुळेच कण्यापासून उखडली, तर सगळा पंख लुळा पडतो, कधी त्याच बाजूची पापणीही उतरते, आणि असा पक्षी पुन्हा उडण्याची आशा फारच थोडी असते.

लोंबणारा पंख या सर्व प्रकारांत सारखाच दिसू शकतो, म्हणून छायाचित्र पाहून निदान सांगण्यास मी नकार देतो. पंखाच्या टोकाशी चिमटा घेतल्यावर पंख आखडला, एवढ्यावरून संवेदना शाबूत आहे असेही ठरत नाही. पक्षी मान वळवतो का, चोच मारतो का, हे तज्ज्ञाने पाहावे लागते. आपण घालवलेल्या चार दिवसांची मला सर्वाधिक चिंता वाटते. जखमेच्या कडा सुकून मागे सरतात, बांधून ठेवलेला पडदा आखडतो, आणि मग मज्जातंतू सावरला तरी पंख उघडत नाही. कृपया आजच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जाऊन एक्स-रे काढून घ्या. शिवाय दंडाचे हाड पोकळ असून ते श्वसनाच्या हवापिशवीला जोडलेले असते. तेथील उघड्या जखमेत पाणी किंवा औषध ओतू नका.

प्रश्न: ‘नसांचे तेल’ चोळल्याने किंवा माणसांची वेदनाशामक गोळी दिल्याने उपयोग होईल का?

नाही. तेलाने पिसे चिकटतात, आणि ‘आठ दिवसांत पंख उभा’ असे सांगून बाटली विकणाऱ्याने पंख उघडून पाहिलेलाही नसतो. गोळीबाबत इतकेच सांगतो की, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन आपली गिधाडे मेली, आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी घालावी लागली.

प्रश्न: उडू न शकणारी घार घरी पाळता येईल का?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पाळता येणार नाही. तिला हवा खेळणाऱ्या, अंधाऱ्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी घालू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.