‘शून्य प्रदूषण’ आणि चंद्रपूरची राख

प्रश्न : आम्ही चंद्रपूरला, दुर्गापूर भागात राहतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर औष्णिक केंद्राची राख बसते. पुण्याचा भाचा म्हणतो, “मावशी, इलेक्ट्रिक गाडी घे, प्रदूषण शून्य!” हे म्हणतात, ती सगळी कंपन्यांची जाहिरात. शाळेत जाऊन-येऊन माझे रोज ४० किलोमीटर होतात. घ्यावी का? आणि कोणाची?
— एक शिक्षिका, चंद्रपूर

उत्तर : ताई, ‘शून्य प्रदूषण’ हे शब्द निदान चंद्रपूरकरांना तरी कोणी ऐकवू नयेत. पुण्यातल्या गाडीमागे धूर दिसत नाही, हे खरं. पण तिची बरीचशी वीज कोळशाचीच असते, आणि २,९२० मेगावॉटच्या केंद्राची राख तुमच्या वाट्याला येते. याचा मला राग येतो.

तरीही हिशेब मांडू. लहान इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट लागतात. देशाच्या सरासरी विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साडेदहा किलो. लिटरला १६ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी त्याच अंतरात साडेचौदा किलोच्या आसपास सोडते. पण निव्वळ कोळशाची वीज धरली तर युनिटला जवळपास एक किलो पडतो आणि दोघी बरोबरीत येतात. शिवाय बॅटरी बनवतानाचा धूर वेगळाच.

म्हणून तुम्हाला सांगेन, आधी गच्ची, मग गाडी. तीन किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी १२ युनिट देतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. तुमच्या गाडीला रोज सहाच युनिट पुरतील. दिवसा गाडी शाळेत असणार, तेव्हा गच्चीवरची वीज महावितरणकडे जाईल आणि नेट मीटर ती तुमच्या बिलातून वजा करेल. पण रात्री भराल ती वीज बहुतेक कोळशाचीच. सुटीच्या दिवशी भर दुपारी चार्ज करा. पॅनेल मात्र वरचेवर धुवावी लागतील, राखेमुळे.

हे सगळं जमत असेल तर गाडी जरूर घ्या. शाळेच्या दारात मुलं उभी असतात. तिथे धूर न सोडणारी गाडी मला मोलाची वाटते.

कोणत्या कंपनीची घ्या हे मी सांगणार नाही, पण आकडे कसे वाचायचे ते सांगतो. टाटांच्या २०२० च्या इलेक्ट्रिक नेक्सॉनला एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटरचा दाखला होता. एसी लावून हायवेवर २०० धरून चालावं लागे. पुढे टाटांनी प्रत्यक्ष वापरातला कमी आकडाही द्यायला सुरुवात केली. हे मला आवडलं, सगळ्यांनीच करावं. चंद्रपूरच्या उन्हात लोह-फॉस्फेट बॅटरी बरी, ती उष्णतेला जास्त सोसते. आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळणार, हे लेखी घ्या. शोरूमवाला तोंडीच सांगत राहिला तर तिथे पैसे भरू नका.