बॅच फाईलच्या लूपमध्ये नावातील पहिलाच शब्द का येतो?

सेलू तालुक्यातील पीक विम्याच्या पावत्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणारी बॅच फाईल (विंडोजमध्ये लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालवणारी फाईल) ‘पीक विमा पावती १२.पीडीएफ’ या नावातील ‘पीक’ एवढाच शब्द घेते आणि फाईल सापडत नसल्याचे सांगते, असा आपला प्रश्न आहे. (आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टंकताना त्या रोमन अक्षरांत लिहाव्यात.)

आपण डिर या फाईलींची नावे दाखवणाऱ्या आज्ञेने मिळालेली यादी ‘फॉर /एफ’ या लूपच्या आज्ञेने एकेक ओळ करून वाचत आहात. ही आज्ञा मुळात मजकुराच्या ओळींचे तुकडे करण्यासाठी असल्यामुळे, वेगळे काही सांगितले नाही तर ती रिकामी जागा आणि टॅब यांवर ओळ तोडते व त्यांतील पहिला तुकडाच चलात (मूल्य साठवणाऱ्या नावात, येथे %%एफ) ठेवते. ‘डेलिम्स=’ लिहून तोडण्याचे चिन्हच काढून घेतले की संपूर्ण ओळ हाती येते:

फॉर /एफ "डेलिम्स=" %%एफ इन ('डिर /बी *.पीडीएफ') डू मूव्ह "%%एफ" "डी:\विमा\सेलू तालुका"

एवढ्याने अर्धेच काम होते. चलात पूर्ण नाव आले तरी ते अवतरणचिन्हांशिवाय मूव्हकडे गेले, तर रिकाम्या जागांमुळे ती आज्ञा पुन्हा फसते. म्हणून दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हे आवश्यक आहेत, आणि फोल्डरच्या नावातही जागा असल्याने त्यालाही ती हवीतच. नावे एखाद्या यादीतून येत असून त्यांना आधीच अवतरणचिन्हे असण्याची शक्यता असेल, तर "%%~एफ" लिहावे. टिल्डे (~) चिन्ह जुनी काढून टाकते, त्यामुळे दुहेरी होत नाहीत.

एकाच फोल्डरमधील फाईली नुसत्या कॉपी करायच्या असतील, तर माझ्या मते ‘फॉर /एफ’ची गरजच नाही. साधा ‘फॉर %%एफ इन (*.पीडीएफ)’ जागा असलेले नाव अखंड देतो. मात्र लूपमध्ये नावे बदलायची असतील तर डिरची यादीच बरी, कारण ती आधी पूर्ण तयार होते. साध्या लूपमध्ये नाव बदललेली फाईल पुन्हा समोर येऊ शकते.

काही नावे देवनागरीत असल्यास डिरच्या यादीत त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात. त्यासाठी सुरुवातीला ‘सीएचसीपी ६५००१’ ही अक्षरसंच यूटीएफ-८ करणारी ओळ घालावी. नावात उद्गारचिन्ह असेल आणि डिलेड एक्स्पान्शन (चलाचे मूल्य आज्ञा चालतेवेळी भरण्याची सोय) चालू असेल, तर ते चिन्ह गळून पडते, तेव्हा विनाकारण ती सोय चालू ठेवू नये.

खऱ्या पावत्यांवर चालवण्याआधी मूव्ह या शब्दाच्या अगोदर इको लिहून पाहावे, म्हणजे प्रत्यक्षात काहीही न हलता प्रत्येक आज्ञा कशी तयार होते ते पडद्यावर दिसेल.